ओळखीच्या आवाजातली आवई

मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी चार दिवसांचा संघर्ष झाला, तेव्हा बदलापूरवर हल्ला झाला होता. ही थट्टा नाही. संघर्ष थांबल्यावर महाराष्ट्र सायबर या पोलीस विभागाने एक अहवाल काढला. पाकिस्तान, बांगलादेश, इंडोनेशिया, मोरोक्को आणि पश्चिम आशियातल्या काही देशांतून सुमारे १५ लाख सायबर हल्ले झाले आणि त्यांतले जेमतेम १५० साधले, असे त्यात म्हटले होते. साधलेल्यांमध्ये कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचे संकेतस्थळ होते. शत्रूने घरपट्टी आणि जन्मदाखल्याची चौकी काबीज केली! डोंबिवलीत आम्ही हसलो. बदलापूरला राहणारा माझा भाचा म्हणाला, "मामा, ती साइट बंद पडली हे आम्हाला कळलंच नाही. एरवी तरी कुठे चालते?"

अहवालातला दुसरा भाग मात्र हसण्यासारखा नव्हता. मुंबई विमानतळाची माहिती चोरली, निवडणूक आयोगाचे संकेतस्थळ फोडले, अशी प्रौढी त्याच काळात मिरवली जात होती. महाराष्ट्र सायबरने हे दावे खोटे ठरवले. पण माझ्या फोनवर नगरपरिषदेची खरी बातमी एकदाही आली नाही आणि विमानतळाची खोटी बातमी चार वेळा आली. तीही कराचीहून नव्हे. एकदा सोसायटीच्या ग्रुपवरून, एकदा माझ्या साडूकडून, दोनदा सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांकडून. साधलेला हल्ला बदलापुरात थांबला, न साधलेला घराघरात पोहोचला. या पुस्तकाचा विषय तो दुसरा हल्ला आहे.

मी आयुष्यभर मुद्रितशोधकाचे काम केले. डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडायची, मुंबईतल्या एका दैनिकात रात्रीपर्यंत ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे आणि शेवटच्या गाड्यांपैकी एका गाडीने परत यायचे. मुद्रितशोधकाला एक खोड लागते: मजकूर काय सांगतो यापेक्षा तो कुठून आला, कुणाच्या हातचा आहे, इकडे त्याची नजर आधी जाते. निवृत्तीनंतर फोन हातात आला आणि ही खोड कामाला लागली. आलेले फॉरवर्ड मी वहीत उतरवू लागलो: तारीख, कुणी पाठवले, मूळ काय निघाले. त्या वहीवर वाचनालयात गप्पा झाल्या आणि गप्पांतून हे पुस्तक झाले.

वहीतली सगळ्यात लाजिरवाणी नोंद माझ्या स्वतःच्या नावावर आहे. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला झालेल्या हल्ल्यात डोंबिवलीचे तिघे गेले. दुसऱ्या दिवशी भागशाळा मैदानात लोटलेल्या गर्दीत मी होतो. कुणी फारसे बोलत नव्हते. रिक्षा बंद, दुकाने अर्धी मिटलेली. त्या दोन-तीन दिवसांत एक व्हिडिओ फिरत होता: काश्मीरच्या हिरव्या उतारावर नाचणारे तरुण जोडपे. हल्ल्यात मारल्या गेलेल्या नौदल अधिकाऱ्याचे आणि त्याच्या नवपरिणीत पत्नीचे हे शेवटचे क्षण, असे खाली लिहिले होते. डोळे भरून आले आणि मी तो तीन ठिकाणी पाठवला. पुढे त्या व्हिडिओतल्या जोडप्याने स्वतःच जाहीर केले की हे आम्ही आहोत, आम्ही जिवंत आहोत. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवणाऱ्या माणसाने साधा प्रश्नही विचारला नव्हता. तो व्हिडिओ कुण्या परक्या देशाने सोडला होता असे मी म्हणत नाही. पण ज्या वाटेने तो माझ्याकडून पुढे गेला, त्याच वाटेने परदेशातून सोडलेलेही पुढे जाते. राग, दुःख, अभिमान यांची भरती आली की त्या वाटेवर पहारा नसतो.

आपल्याच इतिहासात याचा एक मोठा दाखला आहे आणि त्याने आपल्या भाषेला एक चपखल शब्द रुळवून दिला: तोतया. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण भाऊ निसटले, कुठेतरी जिवंत आहेत, ही कुजबुज थांबली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी कुंकू पुसले नाही. या रिकाम्या पाटावर एक माणूस येऊन बसला आणि म्हणाला, मीच भाऊ. त्याला पकडले, कैदेत ठेवले. तरी १७७६ मध्ये तो रत्नागिरीहून सुटला आणि बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या बाजूला गेले, हजारो माणसे जमली. तेव्हाचा काळ कसा होता? पुण्यात गादीचा तंटा, एका बाजूला नाना फडणीस आणि कारभारी, दुसऱ्या बाजूला राघोबादादा आणि इंग्रज. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरातच घेतलेला. घरात भांडण आणि दारात परका, अशा वेळी तोतयाचे पीक येते. अखेर समुद्रमार्गे मुंबईच्या दिशेने निघालेला तोतया आंग्र्यांच्या हाती लागला आणि पुण्यात त्याला देहदंड झाला.

हा माणूस भाऊंसारखा दिसत होता म्हणून लोक फसले, असे शाळेत सांगतात. मला ते पटत नाही. भाऊ परत यावेत असे लोकांना वाटत होते म्हणून तो भाऊंसारखा दिसला. इंटरनेटवरच्या खोट्या खात्याला मी म्हणूनच 'तोतया खाते' म्हणतो. ते आपल्या मनात आधीच मांडून ठेवलेल्या पाटावर येऊन बसते.

आता अलीकडचे. ११ ऑगस्ट २०१२. म्यानमार आणि आसाममधल्या हिंसाचाराच्या निषेधासाठी आझाद मैदानात सभा होती. सभेचे पर्यवसान दंगलीत झाले. दोघे मेले, पन्नासहून अधिक जखमी झाले, त्यांत पोलीस मोठ्या संख्येने होते. अमर जवान स्मारकाची विटंबना झाली. त्या संध्याकाळी सीएसटीहून आलेल्या गाड्यांत मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याणची माणसे एकमेकांकडे कशी बघत होती, ते मी पाहिले आहे. त्याआधीचे काही आठवडे फोनवर आणि फेसबुकवर फोटो फिरत होते. प्रेतांच्या राशीत उभे भिक्खू दिसत. हे म्यानमारचे भिक्खू आणि त्यांनी मारलेले मुसलमान, असे खाली लिहिलेले. प्रत्यक्षात ते तिबेटी भिक्खू होते, २०१० च्या भूकंपानंतर मदतीला धावलेले. पुण्याचे काम करणारे हात कसायाचे म्हणून दाखवले गेले. ही लबाडी उघडी पाडणाऱ्यांत एक पाकिस्तानी पत्रकार पहिल्या काही जणांत होता, हे आवर्जून सांगायला हवे.

त्याच आठवड्यात दुसरी आवई उठली: ईशान्येच्या लोकांवर सूड उगवला जाणार. बंगळुरूहून, पुण्याहून हजारो मुले-मुली मिळेल त्या गाडीने गुवाहाटीकडे निघाली. १८ ऑगस्टला केंद्रीय गृहसचिव आर. के. सिंग यांनी जाहीर केले की या चिथावणीच्या चित्रांचा मोठा भाग पाकिस्तानातून चढवला गेला. सरकारने एकगठ्ठा एसएमएसवर बंदी घातली, दिवसाला पाचच्या वर नाही, नंतर ती मर्यादा वीस केली. परक्या देशातून आलेल्या खोट्या चित्रांनी महाराष्ट्राच्या रस्त्यावर काय होऊ शकते, याचा मला माहीत असलेला हा पहिला मोठा धडा. पण धडा पुरता वाचायचा तर हेही मान्य करावे लागते की म्यानमारमधला आणि आसामातल्या कोक्राझारचा हिंसाचार खराच होता. माणसे खरोखर मेली होती. खोट्या चित्राला खऱ्या दुःखाची फ्रेम मिळाली की ते भिंतीवर टांगले जाते.

सहा वर्षांनी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. ग्रामपंचायतीच्या खोलीत. बाजाराचा दिवस होता. त्या वर्षी मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवेसोबत देशभर एक व्हिडिओ फिरत होता: मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. तो कराचीत तयार झाला होता आणि करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. मुलांकडे लक्ष ठेवा, असे सांगणारी ती जनजागृतीची फिल्म. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि एक पाटी दाखवतात. इकडे कुणीतरी शेवट कापला. बस्स, एवढेच. म्हणजे माल परदेशी, कात्री देशी. या गुन्ह्याला कोणत्या देशाचे नाव देणार? त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचांपलीकडे संदेश पुढे पाठवता येणार नाही, अशी मर्यादा आणली. पाच माणसे मेली आणि पाचची मर्यादा आली, हा योगायोग मला अजून टोचतो. दोनच वर्षांत, १६ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेने गेले. गडचिंचले पालघर जिल्ह्यात, म्हणजे २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात.

कल्याणची जखम वेगळी आहे आणि तिच्याबद्दल बोलताना गावातली माणसे आजही आवाज खाली आणतात. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार शिकलेले तरुण यात्रेकरूंबरोबर इराकला गेले आणि तिथून इस्लामिक स्टेटकडे. खिलाफतीचे स्वप्न त्यांना संगणकाच्या पडद्यावर दिसले होते. ऑगस्टमध्ये त्यांच्यातला एक मारला गेल्याची बातमी कल्याणला पोहोचली. नोव्हेंबरमध्ये तो जिवंत परतला आणि राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्याला अटक केली. मला इथे आकडा महत्त्वाचा वाटतो: चार. लाखो वस्तीच्या या पट्ट्यातून चार. परदेशी प्रचाराने चार घरे उद्ध्वस्त केली, पण त्या चौघांची नावे पुढे करून एका अख्ख्या मोहल्ल्याकडे बोट दाखवणारे जे संदेश पुढची दहा वर्षे फिरत राहिले, ते इथेच लिहिले गेले होते. त्यांनी काय मोडले, त्याचा पंचनामा झालेला नाही.

आता निवडणुका. लोकशाहीला धोका म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर सिनेमातला हॅकर येतो, अंधाऱ्या खोलीत, टोपी घातलेला. आपल्याकडे तसा एक अवतरलाही. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान झाले, २३ ला निकाल लागला आणि काही दिवसांत एक व्हिडिओ आला: विशिष्ट फ्रिक्वेन्सी वेगळी काढून महाराष्ट्रातली मतदान यंत्रे हॅक करता येतात, असा दावा करणारा. दावा करणाऱ्याचे नाव सय्यद शुजा. याच माणसाने जानेवारी २०१९ मध्ये लंडनच्या पत्रकार परिषदेत दूरस्थपणे असाच दावा केला होता. दिल्लीत तेव्हा गुन्हा नोंदला गेला, मुंबईच्या सायबर पोलिसांनी ३० नोव्हेंबर २०२४ ला दुसरा नोंदवला. शुजा दुसऱ्या देशात लपून बसल्याचे निवडणूक आयोगाने सांगितले. आयोगाचे म्हणणे असे की यंत्राला ना वायफाय, ना ब्लूटूथ. ते कुठल्याच जाळ्याला जोडलेले नसते.

मतदारयाद्यांबद्दल, शेवटच्या तासांतल्या मतदानाच्या आकड्यांबद्दल त्याच निवडणुकीनंतर रीतसर प्रश्नही विचारले गेले. त्यांची उत्तरे आकड्यांनी द्यावीत, ही मागणी लोकशाहीतली आहे आणि ती पुरी होईपर्यंत पुन्हा पुन्हा करावी. शुजासारख्याचे खरे नुकसान इथे दिसते. कागद मागणारा माणूस आणि फ्रिक्वेन्सीची गोष्ट सांगणारा माणूस एकाच पोत्यात भरले जातात आणि पोते नदीत टाकायला सोपे जाते.

खऱ्या परदेशी टोळ्यांचे काम याहून कंटाळवाणे असते. २०२४ च्या लोकसभेसाठी ठाणे आणि कल्याणचे मतदान २० मे ला झाले. ३० मे ला ओपनएआय या अमेरिकी कंपनीने जाहीर केले की स्टोइक नावाच्या एका इस्रायली व्यावसायिक कंपनीने त्यांचे साधन वापरून भारतातल्या निवडणुकीवर भाजपविरोधी आणि काँग्रेसच्या बाजूच्या टिप्पण्या तयार करायला सुरुवात केली होती आणि ते चोवीस तासांच्या आत बंद पाडले. प्रतिसाद म्हणावा तर जवळजवळ शून्य. यावर इकडे दोन्ही बाजूंनी जो गदारोळ झाला, तो त्या टिप्पण्यांपेक्षा कितीतरी जास्त लोकांपर्यंत पोहोचला. परक्याला परक्यानेच अडवले, हे खरे. पण त्याची जाहिरात आपणच केली.

अमेरिकेतला एक प्रसंग मी गप्पांत नेहमी सांगतो. २१ मे २०१६, टेक्सासमधले ह्यूस्टन. एका इस्लामिक केंद्रासमोर दोन जमाव आमनेसामने आले, एक इस्लामविरोधी, दुसरा इस्लामच्या समर्थनात. दोघांना बोलावणारी दोन फेसबुक पाने होती आणि दोन्ही पाने रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या एकाच कचेरीतून चालत होती. या साऱ्यावर जाहिरातींचा खर्च सुमारे २०० डॉलर. आपल्याकडे याला दोन्हीकडून ढोलकी वाजवणे म्हणतात. त्या कचेरीला कुठलीच बाजू जिंकायला नको होती. रस्ता तेवढा अडायला हवा होता. रोमानियात तर डिसेंबर २०२४ मध्ये घटनात्मक न्यायालयाने अध्यक्षीय निवडणुकीची पहिली फेरीच रद्द केली. टिकटॉकवरच्या संशयास्पद मोहिमेचा त्यात मोठा वाटा होता. तो निर्णय योग्य की अयोग्य, यावर तिथे अजून वाद आहे आणि मला वाटते तो असायलाच हवा. मतपेटी वाचवण्यासाठी मतपेटी फेकून देणे हे औषध साधे नव्हे.

हे सगळे वाचून 'परके वाईट, आपण भोळे' असा निष्कर्ष कुणी काढू नये म्हणून थोडे आपल्याबद्दल. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. आपली मुले अमेरिकी ढंगात बोलून, तिथल्या करखात्याचे अधिकारी असल्याचे भासवून, म्हाताऱ्या अमेरिकनांना अटकेची भीती घालत होती. सातशेहून अधिक जणांची चौकशी झाली, सत्तर जणांना अटक झाली. ओहायोतल्या कुण्या आजीबाईंच्या दृष्टीने परदेशी तोतया आपल्या ठाणे जिल्ह्यात बसला होता. डिसेंबर २०२० मध्ये युरोपीय संघातल्या डिसइन्फोलॅब या संस्थेने दिल्लीशी जोडलेले एक जाळे उघड केले: शंभराहून अधिक देशांत साडेसातशेच्या वर बनावट प्रसारमाध्यमे, पंधरा वर्षे चाललेली. याहून जुना मासला म्हणजे १७ जुलै १९८३ ला दिल्लीच्या 'पेट्रियट' दैनिकात छापलेले एक निनावी पत्र. एड्सचा विषाणू अमेरिकेने प्रयोगशाळेत बनवला, असे त्यात होते. ती सोव्हिएत गुप्तहेरांची करणी होती. मॉस्कोच्या खोट्याला दिल्लीचा पत्ता हवा होता, कारण दिल्लीचा पत्ता निष्पक्ष वाटे. छापखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे पत्र फार अस्वस्थ करते. कुणीतरी त्याचेही मुद्रित तपासले असेल.

आणि मे २०२५ च्या संघर्षातल्या एका रात्री? सीमेपलीकडच्या खात्यांनी बैरुतचा २०२० चा स्फोट भारतातला म्हणून दाखवला, व्हिडिओ गेममधली विमाने पाडली. पण कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे आपण आपल्या दूरचित्रवाणीवर पाहिले. त्यासोबत फिरणारे एक दृश्य फिलाडेल्फियातल्या विमान अपघाताचे निघाले. आमच्या सोसायटीत त्या रात्री पेढे वाटले गेले. ते मीही खाल्ले.

अफवेला परदेशाची गरज नसते, हे डोंबिवलीकराला सांगायला नको. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला, तेव्हा कुठे होते इंटरनेट? लँडलाइनवर बातमी आली आणि दुपारपर्यंत डेअऱ्यांतले दूध संपले. फरक असा की त्या रांगेत कुणाचा हेतू वाईट नव्हता आणि दुसऱ्या दिवशी रांग मोडली. आजची रांग मोडत नाही. तिला रोज नवा गणपती पुरवला जातो.

इतके दूध पाजायला आपण तयार का असतो? माझे उत्तर स्थानिक आहे आणि ते काहींना आवडणार नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर पाच वर्षे इथे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. ठाण्यातही मार्च २०२२ नंतर तेच झाले. पाणी का आले नाही, पूल कधी होणार, हे विचारायला दार उरले नाही. मग लोक ग्रुपवर विचारू लागले आणि ग्रुपवर ज्याला काहीच माहीत नाही तो सगळ्यात आधी उत्तर देतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात लहान मुलींवरच्या अत्याचाराने लोक रुळांवर उतरले. तक्रार वेळेवर घेतली गेली नव्हती. त्यानंतर अफवांचे पीक आले आणि इंटरनेट बंद करावे लागले. खरी माहिती उशिरा आली की खोटी तिच्या जागेवर रुमाल टाकून बसते, लोकलमध्ये टाकतात तसा.

'परकीय हात' हा शब्द सत्तेला किती सोयीचा असतो, हे माझ्या पिढीने सत्तरच्या दशकात ऐकून ऐकून पाठ केले आहे. प्रश्न विचारणाऱ्याला परदेशाचा हस्तक ठरवले की उत्तर द्यावे लागत नाही. २०२३ मध्ये केंद्राने नियम केला की सरकारच्या कारभाराविषयी खोटे काय, ते सरकारचाच तथ्यतपासणी कक्ष ठरवील. विनोदकार कुणाल कामरा आणि इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, सप्टेंबरमध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींनी, न्या. अतुल चांदूरकरांनी, तो नियम घटनाबाह्य ठरवला. मी तो निकाल बरोबर मानतो. लेखकानेच स्वतःचे मुद्रित तपासायचे नसते, हे छापखान्यातला पोऱ्याही सांगेल. चूक दाखवणारा डोळा दुसऱ्याचा लागतो.

पुढच्या प्रकरणांत फोटोचे मूळ कसे शोधायचे, नक्कल केलेला आवाज कुठे अडखळतो, तोतया खात्याच्या जन्मतारखेवरून काय कळते, हे सोदाहरण दिले आहे. उदाहरणे बहुतेक ठाणे ते बदलापूर या पट्ट्यातल्या फोनांवरची आहेत. पाठवणाऱ्यांची नावे गाळली आहेत, माझे सोडून. पुस्तक क्रमाने वाचायची गरज नाही, पण चौथे प्रकरण घरातल्या मोठ्यांबरोबर बसून वाचावे. सून किंवा नातू त्यांना 'हे खोटं आहे' म्हणतो तेव्हा ते आणखी दोन ठिकाणी पाठवतात. 'हे कुणी पाठवलं, काका?' असे विचारले तर थांबतात, असा आमचा अनुभव आहे.

यात चुका असतील. मी आता सत्तरी ओलांडली आहे आणि डोळे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. चूक सापडली तर पान आणि ओळ लिहून वाचनालयाच्या पत्त्यावर कळवा. शुद्धिपत्रासाठी शेवटची दोन पाने कोरी ठेवली आहेत.